वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर: आभार कोणाचे, जबाबदारी कोणाची?

लठ्ठपणा हा विषय सध्या सतत बातम्यांत आहे. जानेवारी २०२५मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाची व्याख्या नव्याने मांडली. केवळ बीएमआय पाहू नका, वाढलेल्या चरबीमुळे अवयवांचे काम बिघडले आहे का तेही तपासा, असे त्यात सांगितले आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातले तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी मार्चमध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने भारतात विक्रीला आली.

या गदारोळात एका गटाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ज्यांनी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिएट्रिक सर्जरी, आधीच करून घेतली आहे असे लोक. तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी त्यांपैकी असेल, तर दोन वाक्ये तुमच्या ओळखीची असतील. वजन उतरत असताना, “ऑपरेशनने झालं, त्यात तुझं काय?” आणि दोन-तीन वर्षांनी पाच किलो वाढल्यावर, “एवढे लाख खर्च केले, तरी तोंडावर ताबा नाही!” म्हणजे यश डॉक्टरांचे आणि अपयश तुमचे.

हा हिशेब वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे आणि त्याने रुग्णांचे नुकसान होते. ते कसे, आणि जबाबदारीची खरी वाटणी काय, ते पाहू.

शस्त्रक्रिया नेमके काय करते?

भारतात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसरा प्रकार गॅस्ट्रिक बायपास. यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, हे अर्धेच उत्तर. या शस्त्रक्रियांनंतर भूक आणि तृप्ती ठरवणारी संप्रेरके बदलतात. भूक लावणारे घ्रेलिन कमी होते, विशेषतः स्लीव्हनंतर. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे जीएलपी-१ जेवणानंतर जास्त प्रमाणात तयार होते. आजची नवी इंजेक्शने याच जीएलपी-१ची नक्कल करतात.

याचा अर्थ लक्षात घ्या. शस्त्रक्रियेआधी तुम्ही डाएट केले, वजन उतरले आणि पुन्हा वाढले, तेव्हा तुमचे शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च घटवून वजन परत मिळवत होते. तो तुमच्या चारित्र्याचा दोष नव्हता. शस्त्रक्रियेने ही चढण कमी केली. आता चालायचे तुम्हालाच आहे, पण निदान चालता येईल असा रस्ता आहे. म्हणून “ऑपरेशनने झालं” आणि “मी केलं” ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

थोडे वजन परत वाढते, हे आधीच माहीत असू द्या

या विषयावरचा सर्वांत दीर्घ अभ्यासांपैकी एक स्वीडनमध्ये १९८७पासून सुरू आहे. त्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोची व्यक्ती साधारण ८२ किलोपर्यंत उतरली आणि दहाव्या वर्षी ९०च्या आसपास होती.

हे अपयश आहे का? त्याच अभ्यासाच्या २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रिया झालेले लोक नेहमीचे उपचार घेतलेल्या लठ्ठ व्यक्तींपेक्षा सरासरी तीन वर्षे जास्त जगले. तरीही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा त्यांचे आयुष्य सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. फायदा मोठा आहे, पण आजार मुळापासून गेलेला नाही. लठ्ठपणा हा मधुमेह किंवा रक्तदाबासारखा दीर्घकाळ सांभाळायचा आजार आहे. इंजेक्शनांचेही तेच. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे.

कृतज्ञता कुठे अडचणीची ठरते?

शस्त्रक्रियेनंतर मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे थांबते, गुडघे हलके होतात, जमिनीवर मांडी घालून बसता येते. अशा वेळी सर्जनविषयी मनात कृतज्ञता दाटून येणे अगदी स्वाभाविक आहे. “डॉक्टर, तुम्ही देवासारखे धावून आलात,” हे आपल्याकडे सहज म्हटले जाते आणि ते मनापासून असते.

अडचण पुढे येते. ज्याला देव मानले, त्याच्यासमोर “डॉक्टर, सहा किलो वाढले” म्हणून उभे राहायचे कसे? एवढे चांगले ऑपरेशन करून दिले आणि आपण ते वाया घालवले, असे वाटू लागते. मग तपासणीची तारीख एकदा चुकते, दुसऱ्यांदा मुद्दाम चुकवली जाते. वजनकाट्याची जी लाज शस्त्रक्रियेआधी होती, ती नव्या रूपात परत येते. कृतज्ञतेचे रूपांतर कर्जात झालेले असते आणि कर्जदार सावकाराचा रस्ता टाळतो, तसा रुग्ण डॉक्टरांचा रस्ता टाळतो.

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, या शस्त्रक्रिया करत नाही. पण शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईत होते आणि पुढची वीस वर्षे रुग्ण आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे येतो. थकवा, केस गळणे, पायांना मुंग्या अशा तक्रारी घेऊन येतो आणि कधी कधी शस्त्रक्रिया झाली आहे हेच सांगत नाही. शॉर्टकट घेतला असे कोणी म्हणेल, ही भीती त्यामागे असते. खरे तर २०११मध्ये नितीन गडकरी यांनी आणि २०१४मध्ये अरुण जेटली यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा त्याच्या उघड बातम्या झाल्या होत्या. लपवण्यासारखे यात काही नाही.

कृतज्ञतेची अपेक्षा समाज कशी करतो, याचे एक टोकाचे उदाहरण आपण मुंबईत पाहिले. फेब्रुवारी २०१७मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईत आणले. जगातील सर्वांत वजनदार महिला म्हणून त्यांची बातमी झाली, देणग्या जमल्या, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये त्यांच्या बहिणीने उपचारांबद्दल जाहीर तक्रार केली, रुग्णालयाने ती फेटाळली. मे महिन्यात इमान यांना अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. कोण बरोबर होते, हे इथे ठरवायचे नाही. पण वैद्यकीय प्रश्न बाजूला पडून कोण कृतज्ञ आणि कोण कृतघ्न याचीच चर्चा व्हावी, हे चांगले लक्षण नव्हे. आभार मानलेल्या रुग्णालाही प्रश्न विचारण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क असतोच.

तुमच्या वाट्याची जबाबदारी

‘जबाबदारी घ्या’ हे ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात ती काही ठरावीक, रोजच्या कामांची यादी आहे. काट्यावरचा आकडा त्या यादीत नाही, कारण तो पूर्णपणे तुमच्या हातात नाही. पुढील गोष्टी मात्र आहेत.

• व्हिटॅमिन आणि खनिजे आयुष्यभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि थायमिन म्हणजे बी-१ यांची कमतरता या शस्त्रक्रियांनंतर सहज होते. कॅल्शियम दिवसाला साधारण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागते, तेही विभागून. कॅल्शियम सायट्रेट जास्त चांगले शोषले जाते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. “आता बरं वाटतंय” म्हणून गोळ्या बंद करू नका. बी-१२चा शरीरातला साठा संपायला काही वर्षे लागू शकतात, म्हणून त्रास उशिरा दिसतो.

• रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने असतात. छोट्या पोटात आधी वरण-भात गेला, तर उसळ, अंडे किंवा मासा यांना जागा उरत नाही. म्हणून ताटातले प्रथिनांचे पदार्थ आधी खा. शाकाहारी असाल तर आहारतज्ज्ञांकडून लेखी आराखडा घ्या.

• उपवास विचारून करा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, हे शस्त्रक्रिया झालेल्या पोटासाठी चांगले नाही. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाणे यांची जुळणी करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नका.

• वेदनाशामक गोळ्या स्वतःहून घेऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. तंबाखू आणि सिगारेटनेही हा धोका वाढतो. डोके किंवा गुडघा दुखला तर मेडिकल दुकानात शस्त्रक्रियेबद्दल आधी सांगा.

• दारूबाबत सावध राहा. बायपासनंतर दारू लवकर रक्तात उतरते आणि नशा लवकर चढते. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात बायपासनंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढलेले दिसले.

• गर्भधारणा १२ ते १८ महिने पुढे ढकला. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवा.

• तपासणीला जा, वजन वाढले असेल तर नक्की जा. पहिल्या वर्षी सर्जन सांगतील तशा भेटी घ्या आणि नंतर वर्षातून किमान एकदा रक्त तपासून घ्या.

एक धोका घरातल्या सर्वांना माहीत हवा

शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत उलट्या थांबत नसतील, तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून दिवस काढू नका. सततच्या उलट्यांनी थायमिन झपाट्याने संपते. चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गोंधळल्यासारखे बोलणे, पाय बधिर होणे ही त्याची लक्षणे. यात मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

अशा वेळी जवळच्या दवाखान्यात सलाईन लावली जाते. सलाईन ग्लुकोजची असेल आणि थायमिन दिलेले नसेल, तर स्थिती आणखी बिघडू शकते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा: “वजनाचं ऑपरेशन झालं आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजआधी थायमिन द्यायचं आहे का ते बघा.” शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि रुग्णालयाचा फोन नंबर लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

पोटात अचानक तीव्र दुखणे, ताप, छातीत धडधड, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास थेट रुग्णालयात जा. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही वाढते, त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफी करून घ्या.

जी जबाबदारी तुमची नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. एवढ्या थोड्या काळात देशभरातल्या लोकांचा मनावरचा ताबा सुटला, असे कोणी म्हणणार नाही. बदलले आहे ते अन्न, काम, प्रवास आणि झोप. पंतप्रधानांचे तेलाबद्दलचे आवाहन योग्यच आहे. पण जो आजार समाजभर वाढतो, त्याचे उत्तर फक्त प्रत्येकाच्या कढईत शोधून चालणार नाही.

रुग्णालयाची जबाबदारी. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन थिएटर, औषधे, मुक्काम सगळे लिहिलेले असते. पुढची पाच वर्षे आहारतज्ज्ञ, रक्ततपासण्या आणि समुपदेशन कोण पाहणार, हेही त्यात असायला हवे. शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पोषण, वजनवाढ आणि धोके यांची माहिती आधी देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

विम्याची जबाबदारी. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९च्या सूचनांनुसार काही अटी पूर्ण झाल्या तर या शस्त्रक्रियेचा खर्च नाकारता येत नाही. डॉक्टरांचा सल्ला, वय १८ किंवा जास्त, आणि बीएमआय ४० किंवा जास्त; अथवा ३५ किंवा जास्त असून हृदयविकार, झोपेतील श्वासरोधाचा तीव्र त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा गंभीर आजार. पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी वेगळा तपासावा लागतो. दुसरीकडे, सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो असे सांगितले आहे. ही दरी रुग्ण स्वतःच्या खिशातून भरतो. शिवाय बहुतेक पॉलिसी भरती असतानाचा खर्च देतात. आयुष्यभराच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च कुटुंबावरच राहतो. गोळ्या बंद होण्यामागे आळस असतो तसा महिनाअखेरचा हिशेबही असतो. परवडत नसेल तर न लाजता डॉक्टरांना सांगा, स्वस्त पर्याय बहुधा निघतो.

घरच्यांची जबाबदारी. “एक पुरणपोळी खाल्ली तर काय होतं?” हा आग्रह आणि “अजून खातेस?” हा टोमणा, दोन्ही बंद करा. गोड खाल्ल्यावर बायपास झालेल्या व्यक्तीला घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब असा खराखुरा त्रास होऊ शकतो. ते नखरे नसतात. घरात सर्वांसाठी एकच, प्रथिने असलेला स्वयंपाक झाला तर रुग्णाचे अर्धे काम सोपे होते.

मन खचले तर. शस्त्रक्रियेनंतर काही लोकांत नैराश्य येते. स्वीडनच्या अभ्यासात आत्महत्या आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण, आकडा लहान असला तरी, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये जास्त आढळले. “एवढं सगळं मिळालं, आता रडतोस कशाला?” असे म्हणून कोणाला गप्प करू नका. कृतज्ञ असलेला माणूसही दुःखी असू शकतो. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

वजन परत वाढू लागले, तर काय कराल?

सर्वांत कमी वजनापासून दोन-चार किलो वाढणे हे बहुतेकांत होते. त्याहून जास्त वाढत असेल, तर वर्षभर थांबून एकदम काही करण्यापेक्षा लवकर भेटा. डॉक्टर साधारण पुढील गोष्टी पाहतील: आहारात पातळ आणि गोड कॅलरी वाढल्या आहेत का, प्रथिने कमी पडताहेत का, थायरॉइड, झोप, ताण, वजन वाढवणारी एखादी दुसरी औषधे, आणि शस्त्रक्रियेच्या जागी काही बदल झाला आहे का. गरज असेल तर औषधे किंवा इंजेक्शने देता येतात. काही निवडक रुग्णांत दुसरी शस्त्रक्रियाही करतात. उपचार वाढवावे लागणे हे दीर्घ आजारात नेहमीचे आहे. मधुमेहात दुसरी गोळी सुरू झाली म्हणून कोणी रुग्णाला कृतघ्न म्हणत नाही.

भेटीला जाताना आठवडाभर काय खाल्ले ते जसेच्या तसे लिहून न्या. बंद केलेल्या गोळ्यांची नावे सांगा. दारू सुरू झाली असेल तर तेही सांगा. आम्हा डॉक्टरांना पेढ्यांच्या बॉक्सपेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो.

तुमच्या शस्त्रक्रियेला वर्ष उलटून गेले असेल आणि शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते आठवत नसेल, तर या आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि साखर यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. वजन कितीही असो, तपासणीला जा.